पडवीत बसणारी आई

मेडिकलवाल्याचा फोन आला तेव्हा मी शकिलाताईंच्या पडवीत बसून वाळूकागदातून ‘ळ’ कापत होते.

“ताई, तुमच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या आल्यात,” तो म्हणाला. “लगेच येत असाल तर ठेवतो. आणखी एक जण सकाळपासून मागे लागलेत.”

“ठेवा. आलेच मी,” असं म्हणाले खरी, पण जागची हलले नाही.

आतल्या खोलीत माझी जुई होती. सात वर्षांची. आणि ती त्या खोलीत आहे पण मी पडवीत नाही, असं गेल्या वर्षभरात एकदाही झालं नव्हतं.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. मिरजेत आम्ही पाच घरं एकत्र आलो होतो. पाच घरांची मिळून नऊ मुलं. काहींना शाळा मानवली नव्हती, काहींना शाळेनं सामावून घेतलं नव्हतं. शकिला मुजावर पुण्याला वीस वर्षं मॉन्टेसरीच्या वर्गात शिकवून, आईच्या आजारपणासाठी गावी परतल्या होत्या. त्यांच्या घराची पुढची मोठी खोली त्यांनी मुलांना दिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी मुलं तिथं. बाकीचे दिवस आपापल्या घरी, आईबापांपाशी. आणि घरी जे शिकलं असेल ते शुक्रवारी शेवटच्या अर्ध्या तासात खोलीत आणून इतरांना शिकवायचं, असा नियम. मगदूमांचा पार्श्व पाच वर्षांचा. तो शेतावरून कसकसल्या बिया खिसे भरून आणायचा. रूथची एस्तेर नऊ वर्षांची, सगळ्यांत मोठी. तिनं आईकडून पावाचं पीठ मळायला शिकून आठही जणांना कोपरापर्यंत पिठात घातलं होतं. त्या अर्ध्या तासात मोठ्यांनी आत जायचं नाही. शकिलाताई तेवढ्या कोपऱ्यात बसत, तोंड मिटून.

बाकीच्या आया मुलांना फाटकाशी सोडून निघून जात. मी थांबायची. ‘मुलांसाठी साहित्य करून देते’, म्हणजे बोटानं गिरवायची वाळूकागदी अक्षरं, हे माझं निमित्त. वर्षभरात माझी अख्खी मुळाक्षरं दोनदा कापून झाली होती आणि तिसऱ्यांदा ‘ळ’पाशी आले होते.

खरं कारण वेगळं होतं. जुईला फिट यायची.

गोळ्या वेळेवर गेल्या तर तीन-चार महिन्यांत एखादी. पहिल्या शाळेत आम्ही आधीच सांगितलं होतं. बाईंनी मान डोलावून ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी मुख्याध्यापिकेनं बोलावून विचारलं, “बाकीच्या पालकांना मी काय उत्तर देऊ?” दुसऱ्या शाळेत मग सांगितलंच नाही. तिथं प्रार्थनेच्या वेळी जुई पडली. कुणीतरी तिच्या नाकाला चप्पल लावली, कुणीतरी दातांत चमचा घातला. पुढचा एक दात तुटला. मी पोचले तेव्हा तिच्याभोवती साठ-सत्तर मुलं गोल करून उभी होती, आणि शुद्धीवर आलेली माझी पोर आडवी पडूनच त्या गोलाकडे बघत होती.

म्हणून तिसऱ्या ठिकाणी मी ठरवलं, सांगायचंही नाही आणि लांबही जायचं नाही. श्रीधर, माझा नवरा, रेल्वेत गाडी चालवतो. आठवड्यातले चार दिवस तो मिरजेबाहेर. तो म्हणायचा, “विनया, सांगून टाक. ही माणसं तशी नाहीत.” मी म्हणायची, “तशी नाहीत असं पहिल्या शाळेतही वाटलं होतं.”

घरी मात्र जुईपासून मी काही लपवलं नाही. मंगळवारी, गुरुवारी गणित-वाचन झालं की आम्ही तिचं दुखणंही शिकायचो. मेंदूचं चित्र काढलं. डोक्यात लाखो बारीक दिवे असतात, ते एकमेकांना निरोप देतात, तुझ्या डोक्यात कधी कधी ते सगळे एकदमच लागतात, असं मी तिला समजावलं. पडलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते बाहुलीवर करून दाखवलं. आणि धडा संपला की दर वेळी एक वाक्य. “पण हे बाहेरच्या मोठ्या माणसांना सांगायचं नाही हं. त्यांना नीट कळत नाही.”

तर त्या बुधवारी मेडिकलवाल्याचा फोन आला. गोळ्यांचा दहा दिवस तुटवडा होता. मी सांगली पालथी घातली, मिरजेतली दुकानं तर पाठ झाली होती. शिल्लक गोळ्या पुरवायच्या म्हणून शेवटचे दोन दिवस मी अर्धी-अर्धीच देत होते. डॉक्टर परगावी होते; आणि खरं सांगायचं तर, त्यांच्या रागाला भिऊन मी फोनही केला नव्हता.

मी खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. जुई चटईवर सोनेरी मण्यांच्या माळा मांडून हजारापर्यंत मोजत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“जरा बाजारात जाऊन येते,” मी शकिलाताईंना म्हणाले. “वीस मिनिटांत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं असं मला नंतर वाटत राहिलं. “या निवांत,” त्या म्हणाल्या.

जाताना सगळं सुरळीत झालं. पट्ट्या मिळाल्या. येताना रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडी आली आणि निम्मी पुढं जाऊन उभीच राहिली. आजूबाजूचे लोक गाड्या बंद करून गप्पा मारायला लागले. मी पट्ट्या नीट ठेवाव्यात म्हणून पर्स उघडली आणि आत नाकात मारायचा फवारा दिसला.

पाच मिनिटांवर फिट लांबली तर तो मारायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो जिथं जुई तिथं असायचा, कारण जिथं जुई तिथं मी असायची. आज तो माझ्याबरोबर फाटकाच्या अलीकडे होता.

मी शकिलाताईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, “वहिनी, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?” मी नको म्हणाले. स्कूटी तिथंच टाकून रुळांवरून पलीकडे जायचा विचार मनात आला, तेवढ्यात मालगाडीनं हिसका दिला आणि हलली.

शकिलाताईंच्या घराशी पोचले तेव्हा आतून कसलाच आवाज येत नव्हता. पडवीत माझी कात्री आणि अर्धवट कापलेला ‘ळ’ तसाच पडला होता. चप्पल काढायचं भान राहिलं नाही.

खोलीचे पडदे ओढले होते. मधल्या चटईवर जुई डाव्या कुशीवर झोपली होती. डोक्याखाली शकिलाताईंच्या ओढणीची घडी. कमरेपासून पायांपर्यंत चादर. तिच्या भोवती कुणीही नव्हतं. चार हात जागा मोकळी सोडलेली. कडेला दोघी-तिघी आपापल्या कामात होत्या, एक जण बाटलीतून पेल्यात पाणी ओतत होती. पार्श्व आपल्या छोट्या केरसुणीनं विखुरलेले सोनेरी मणी गोळा करत होता. जुईच्या उशाशी एस्तेर मांडी घालून बसली होती, हातात वर्गातलं घड्याळ घेऊन. आणि पायाशी शकिलाताई.

मी धावतच आत घुसले. शकिलाताईंनी फक्त हाताचा पंजा वर केला. “हळू. झोपलीय.”

“तीन मिनिटं दहा सेकंद,” एस्तेर कुजबुजली. “मी बरोबर बघितलं, काकू. मग ती घोरायला लागली. घोरणं चांगलं असतं ना?”

मी जुईजवळ बसले. तिचा श्वास संथ चालला होता. ओठांच्या कोपऱ्यातली लाळ कुणीतरी पुसून घेतली होती. दात सगळे जागेवर होते.

“चांगलं असतं,” मी एस्तेरला म्हणाले. “घोरणं फार चांगलं असतं.”

मग शकिलाताईंना विचारलं, “तुम्ही घाबरला नाहीत?”

“घाबरले की.” त्यांनी जुईच्या पायांवरची चादर सारखी केली. “फोन वाजत होता तोही उचलवला नाही. पण पोरं नाही घाबरली. मी उठून येईपर्यंत यांचं निम्मं काम झालं होतं. पार्श्वनं स्टुलं बाजूला केली, एस्तेरनं घड्याळ घेतलं, दुसऱ्या दोघींनी मिळून तिला वळवलं. मी फक्त ओढणी दिली.”

“यांना कुणी शिकवलं हे?”

मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. मग पार्श्व केरसुणी टेकवून म्हणाला, “जुईनं.”

“कधी?”

“दिवाळी झाल्यावर,” एस्तेरनं सांगितलं. “शुक्रवारी. तिनं चटई अंथरली, स्वतःच आडवी झाली आणि म्हणाली, मी कधी कधी पडते, पडले तर हे करायचं. आधी तिनं करून दाखवलं. मग म्हणाली, आता तुम्ही दाखवा. मग विचारलं, तोंडात काय घालायचं? आम्ही म्हणायचं, काही नाही. पाणी? नाही. चमचा? नाही. असं दहा वेळा विचारलं तिनं.”

“मी पण जुई झालो होतो,” पार्श्व म्हणाला. “मला सगळ्यांनी वळवलं.”

तेव्हा फेब्रुवारी चालू होता. दिवाळीपासून मी हिशेब केला आणि माझी कानशिलं तापायला लागली. मुलांना माहीत म्हणजे घरी माहीत. रूथला माहीत, मगदूमांना माहीत, सगळ्यांना माहीत. चार महिने मी पडवीत बसून अक्षरं कापत होते आणि येता-जाता प्रत्येक जण मला ‘काय विनयाताई, आज कुठलं अक्षर?’ असं विचारत होता.

शकिलाताईंना ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. त्यांनी एस्तेरला डोळ्यांनी खुणावलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. चहा टाकला. दार उघडंच ठेवलं, मला जुई दिसावी म्हणून.

“म्हणजे सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलंत,” मी म्हणाले. आभार मानायच्या जागी माझ्या तोंडून पहिलं हे निघालं.

त्यांनी चहात साखर घातली, ढवळली. “पोरीनं पोरांना विश्वासानं सांगितलेलं,” त्या म्हणाल्या. “ते आम्ही तुमच्यापुढं कसं आणणार? वाटलं, तुम्ही सांगाल. दर सोमवारी वाटायचं, आज सांगतील. मी आपली डॉक्टरांकडे जाऊन शिकून आले, न जाणो. पण चार महिने फार झाले. तिथं माझं चुकलं, हे मला कबूल आहे.”

“कुणी काहीच म्हणालं नाही? बाकीच्यांपैकी?”

“खोटं कशाला सांगू? एकीनं पोराला काढायचं ठरवलं होतं. पहिल्याच आठवड्यात. नाव सांगणार नाही. मी म्हटलं, काढा, पण आधी त्याला विचारा. तर पोरगं आईला म्हणालं, सामान सरकवायचं काम माझं आहे, मी नाही गेलो तर कोण सरकवणार?” त्या हसल्या. “आली ती दुसऱ्या दिवशी परत त्याला घेऊन.”

मी चहाचा पेला हातात धरून बसले होते. आणि मग ज्या गोष्टीबद्दल त्यांनी विचारलंही नव्हतं ती मी सांगून टाकली. दहा दिवस गोळ्या मिळत नव्हत्या. मी दोन दिवस अर्धीच देत होते. आजची फिट माझ्यामुळं आली.

शकिलाताई एवढ्या वेळात पहिल्यांदाच चिडल्या.

“दहा दिवस गोळी मिळत नव्हती आणि तुम्ही एकट्या हिंडत होतात? विनयाताई, मगदूम रोज कोल्हापूरला जातात. रूथचा दीर जयसिंगपुरात औषधाच्या दुकानात आहे. माझा भाऊ बेळगावात. एका फोनचं काम होतं हो!” त्यांचा आवाज चढला तसा त्यांनी आवरला. “पाच घरं आहोत ना आपण? मग मुलांनीच तेवढी एकत्र शिकायचं का?”

मी रडले असेन. पदर ओला झाला होता एवढं आठवतं.

तासाभरानं जुई जागी झाली. डोळे जड, केस विस्कटलेले. रिक्षातून घरी आणलं, पूर्ण गोळी दिली, डॉक्टरांना फोन केला, ओरडा खाल्ला. संध्याकाळी ती माझ्या अंगाला टेकून भात खात असताना मी विचारलं, “मी सांगितलं होतं ना गं, कुणाला सांगायचं नाही म्हणून?”

“मोठ्या माणसांना नाही सांगायचं म्हणाली होतीस,” जुई म्हणाली. “मी मुलांना सांगितलं.”

“आणि शकिलाताई? त्या नव्हत्या का तिथं?”

तिनं जरा विचार केला. “त्या कोपऱ्यात होत्या. मी त्यांच्याकडे पाठ केली होती.”

श्रीधर हुबळीहून आल्यावर त्याला हे सांगितलं तर तो इतका हसला की त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी पाचही घरं शकिलाताईंच्या अंगणात जमायची. पुढच्या आठवड्यात कुणी काय शिकवायचं ते ठरायचं. त्या शनिवारी मी उभी राहिले. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगायला उभं राहणं फार अवघड असतं. “जुईला फिट येते,” मी म्हणाले. पुढची वाक्यं मी दोन वर्षं मनात घोकून ठेवली होती: ते संसर्गजन्य नसतं, तिच्या अभ्यासावर परिणाम होत नाही, तुमच्या मुलांना काही धोका नाही. त्यातलं एकही लागलं नाही. मगदूमांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, “गोळीचं नाव काय? स्पेलिंगसकट सांगा.”

पुढं डॉक्टरांनी बंद करेपर्यंत ती गोळी आमच्या घरात कधीही संपली नाही.

उठताना सुनंदाताई मगदूम माझ्याजवळ आल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, “विनयाताई, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. पार्श्वला मी काढणार होते.”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

“शकिलाताईंनी सांगितलं?”

“नाव नाही सांगितलं. पण सामान सरकवायचं काम त्याचंच ना?”

त्या ओशाळून हसल्या. मीही. त्यांच्या जागी मी असते तर एका दिवसात परत आले असते की नाही, मला खात्री नाही, आणि हे मी त्यांना बोलूनही दाखवलं.

जुई आता बावीस वर्षांची आहे. दहावी, बारावी मुक्त शाळेतून करून सध्या बेळगावात फिजिओथेरपी शिकते. शेवटची फिट आली त्याला नऊ वर्षं झाली. लोक मला विचारतात, घरी शिकवून आणि असं मधूनअधून वर्गात पाठवून पोरीला काय मिळालं? मी त्यांना गणित, भाषा, विज्ञान असं सगळं सांगते, आणि तेही खोटं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं असते ती चार हात मोकळी सोडलेली जागा. त्या आधीच्या शाळेतल्या मुलांना मी कधी दोष दिला नाही. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. इथं माझ्या सात वर्षांच्या पोरीनं शिकवलं, आणि शिकवू देणारी माणसं तिला मिळाली.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी नेहमीसारखी पिशवी घेऊन पडवीत बसायला गेले, तर शकिलाताई दारातच उभ्या होत्या.

“फवारा द्या,” त्या म्हणाल्या. मी दिला. “डॉक्टरांची चिठ्ठी?” तीही दिली. त्यांनी दोन्ही आतल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आणि परत येऊन माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. “अक्षरं भरपूर झाली आता. घरी जा.”

“घरी जाऊन काय करू?”

“ते मला काय विचारता?”

जुई तोवर आत गेलीसुद्धा होती.

मी घरी आले. ओट्यावरची भांडी लावली. गॅलरीत उभी राहिले. टेबलावर फोन ठेवला, तो वाजत नाही म्हणून उचलून पाहिला, परत ठेवला. दोनदा चप्पल घालून दारापर्यंत गेले. मग वाटलं, पाच मिनिटं पाठ टेकू, म्हणून पलंगावर आडवी झाले.

बेलच्या आवाजानं जाग आली. उन्हं पार सरकली होती. घड्याळात एक वाजून गेला होता. जुईला साडेअकराला आणायचं होतं. मी तशीच धावत दाराकडे गेले.

दारात रूथ उभी होती. एका हाताला एस्तेर, दुसऱ्या हाताला जुई.

“अगं, मी… मला जागच नाही आली,” मी म्हणाले. “एवढा उशीर… मी झोपलेच होते…”

रूथनं माझे विस्कटलेले केस पाहिले, गालावर उमटलेली उशीची घडी पाहिली.

“जेवलीय ती आमच्याकडे,” ती म्हणाली. “झोप जा अजून.”